हद्द सरकली की नागरिकत्वही सरकतं?

कोपरीकर: देशाची हद्द बदलली की तिथली माणसं आपोआप त्या देशाची. १९६१ ला गोवा आला, गोवेकर भारतीय झाले. फाळणीनंतर कोपरीत, उल्हासनगरात आलेले सिंधीही तसेच. कागद मागणं ही निव्वळ बाबूगिरी.

बेलापूरवाली: 'आपोआप' वाचून राहवलं नाही. गोवेकरांना भारतीय केलं ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ७ खाली १९६२ ला काढलेल्या आदेशानं. स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथला असेल तर भारतीय. नको असेल तर महिन्याच्या आत लेखी कळवा. पुद्दुचेरी तहानं आलं, तिथे फ्रेंच राहण्याचा पर्याय द्यायला सहा महिने होते. लष्कर गेलं तिथे एक, तह झाला तिथे सहा.

कळवा_नाका: त्या महिन्यात गोव्यातल्या सासष्टीच्या खेड्यात राजपत्र कोण वाचत होतं? गप्प बसला तो भारतीय. म्हणजे आपोआपच की!

उल्हासनगर_कॅम्प५: गोवा राहू द्या, सिंधींबद्दल ठोकून देऊ नका. घटनेचं कलम ६ बघा. १९ जुलै १९४८ आधी आलेल्याला नोंदणी नको. नंतर आलेल्याला नोंदणी हवी, तीही घटना लागू होण्याआधी, आणि अर्जापूर्वी सहा महिने इथे वास्तव्य. हिशेब करा: जुलै १९४९ संपल्यावर आलेल्याला कलम ६ चा उपयोगच नव्हता.

कोपरीकर: झाला इतिहास. आज काय?

उल्हासनगर_कॅम्प५: आज सीएए, म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या बिगरमुस्लिमांसाठीची २०१९ ची नागरिकत्व कायदा दुरुस्ती. अर्ज ऑनलाइन, पण मूळ कागद आणि शपथ टपाल अधीक्षकांच्या जिल्हा समितीपुढे. वारंवार बोलावूनही गेला नाहीत तर फाइल नकाराच्या शिफारशीनं वर जाते. मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्ट चालतो. लोक तो फेकून देतात आणि मग रडतात. प्रवेशाचा पुरावा मात्र ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतचाच हवा.

कळवा_नाका: ती तारीख २०२४ केली ना? व्हॉट्सॲपवर फिरतंय.

बेलापूरवाली: फिरू दे. सप्टेंबर २०२५ चा केंद्राचा आदेश २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना कागदांशिवाय राहिल्याच्या कारवाईतून सूट देतो, नागरिकत्व देत नाही. या गैरसमजावर दलाल पैसे उकळताहेत.

कळवा_नाका: आणि धर्म बघून तारीख लावणं तुम्हाला पटतं?

उल्हासनगर_कॅम्प५: आलात मूळ पदावर! त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे फाइल कुठे अडते ते चाललंय. पासपोर्टवर 'लछमनदास', वीजबिलावर 'लक्ष्मणदास', आणि झालं, बसा प्रतिज्ञापत्रं करत.

कोपरीकर: बरं बाबा, आपोआप नाही. राजपत्र, महिना, शपथ आणि टपाल खातं. खूश?

बेलापूरवाली: शपथ गोव्यात नव्हती.