केंद्रातल्या शिक्षकांना एकत्र शीट भरायची सवय कशी लावावी?

प्रश्न : दमलेला_तंत्रस्नेही

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ११ शाळा, बहुतेक द्विशिक्षकी. 'तंत्रस्नेही' असा शिक्का एकदा बसला की पुढे काय होतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. केंद्राची सगळी माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात. पट, किती मुलांचं आधार झालं, गणवेश, पुस्तकांची मागणी, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ.

आजवर मी ग्रुपवर एक्सेलची फाईल टाकायचो. जो तो आपल्या मोबाईलवर भरून परत टाकणार. संध्याकाळपर्यंत 'माहिती फायनल', 'माहिती फायनल नवीन', 'माहिती फायनल १' अशा फायलींचा ढीग, शिवाय दोघातिघांचे वहीच्या पानाचे फोटो. ते सगळं एकत्र करत मी रात्री बसणार. म्हणून यंदा गूगल शीट (एकच ऑनलाइन फाईल, सगळ्यांनी तिच्यातच भरायची) बनवून लिंक दिली. चार शाळांनी भरली. एका ज्येष्ठ बाईंचा फोन आला, "सर, त्याच्यात कुणी ॲनॉनिमस फॉक्स शिरलाय, मी लगेच बंद केलं." एका सरांनी आपली शाळा शोधायला फिल्टर लावला, तर बाकीच्यांच्या ओळी गायब. ग्रुपवर बोंब, "आमची माहिती उडाली!" दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वहीचे फोटो सुरू.

पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) मला अर्धा तास मिळालाय. त्यात नेमकं काय शिकवू?

उत्तर : पाड्यावरच्या_बाई

सर, त्या अर्ध्या तासात प्रोजेक्टर लावून शीट दाखवू नका. मागे बसलेले चहाची वाट बघतात आणि पुढे बसलेल्यांना ते आधीच येत असतं.

मी जव्हारकडे आहे. आमच्याकडे हाच प्रकार होता, आणि मला त्यातून एक कळलं. आपण म्हणतो शिक्षकांना मोबाईल जमत नाही. मग २०२० पासून 'निष्ठा' या शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स 'दीक्षा' या सरकारी ॲपवर कुणी केले? (कुणाच्या मुलाने केले ते सोडा.) अडचण वेगळीच आहे. वहीत चूक झाली तर ती आपल्यापुरती राहते. शीटमध्ये ती अकरा शाळांना आणि केंद्रप्रमुखांना तिथल्या तिथे दिसते. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हे नको असतं. आणि वर "दुसऱ्याचं काही आपल्या बोटाने पुसलं गेलं तर?" ही धास्ती.

म्हणून आमच्या बैठकीत मी शिकवायच्या आधी मोडून दाखवलं. सगळ्यांसमोर शीटमधली एक अख्खी शाळा पुसली. मग लॅपटॉपवर 'व्हर्जन हिस्टरी' (शीटच्या आधीच्या प्रती) उघडून सकाळची शीट जशीच्या तशी परत आणली. लोक हसले. त्यानंतर ज्यांनी कधी हात लावला नव्हता त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आता तुमच्या कोल्ह्याचं. लिंक सगळ्यांना उघडी ठेवली की गूगल माणसाच्या नावाऐवजी प्राण्याचं नाव दाखवतं. प्रत्येकाच्या जीमेलवर थेट परवानगी द्या, मग कोल्हा जाऊन खरं नाव दिसेल. इथे मात्र वेळ ठेवा. निम्म्या लोकांना आपला जीमेल माहीत नसतो. तो मोबाईलच्या दुकानदाराने फोन विकताना काढून दिलेला असतो, आणि पासवर्ड त्या दुकानदाराला तरी आठवत असेल का देव जाणे. तुमचा अर्धा तास खरं तर यावरच घालवा : प्रत्येकाचा जीमेल कुठला ते शोधणे, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिणे आणि शीटचा शॉर्टकट फोनच्या होम स्क्रीनवर ठेवणे. लिंक ग्रुपमध्ये शोधावी लागली की माणूस कंटाळतो, कारण तोवर वर दोनशे 'सुप्रभात' आलेले असतात.

फिल्टरची भानगड टाळायला प्रत्येक शाळेची ओळ रंगवा, म्हणजे फिल्टर लावायची गरजच पडणार नाही. ज्यांना लागतोच त्यांना 'फिल्टर व्ह्यू' बनवून द्या, तो दुसऱ्याच्या स्क्रीनवरच्या ओळी लपवत नाही. प्रत्येक शाळेच्या ओळीवर 'प्रोटेक्ट' लावा, म्हणजे ती ओळ त्याच शाळेला बदलता येईल. ते कॉम्प्युटरवरून करावं लागतं, पण एकदाच. आणि आकड्यांच्या रकान्यात आकडाच पडेल असं बंधन घाला, नाहीतर कुणी '२३ मुले' लिहितं आणि बेरीज ते २३ धरतच नाही.

सुरुवातीला एकच माहिती घ्या. आम्ही तांदळाची घेतली, कारण ती दर महिन्याला लागते आणि सगळ्यांना तिचाच वैताग होता.

उत्तर : निवृत्त_केंद्रप्रमुख

बाईंचं सगळं पटलं, पण खरी गाठ वरच्या बाजूला आहे. शिक्षक शीट भरतो. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन येतो, तीच माहिती सही-शिक्क्यानिशी कागदावर द्या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावरून तीच वेगळ्या नमुन्यात. अशाने तुमची शीट म्हणजे वाढीव काम. मी नोकरीत असताना केंद्रात सांगून टाकलं होतं, की जे शीटमध्ये आहे ते मी पुन्हा कुणालाही विचारणार नाही, प्रिंट काढून सही मी घेईन. कार्यालयाला काय द्यायचं ते माझं मी बघायचो. तुमच्या केंद्रप्रमुखांकडून परिषदेत हे वाक्य वदवून घ्या. ते तयार नसतील तर शीटचा आग्रह धरू नका, मग हे वाढीव काम आहे असं शिक्षकांना वाटणं बरोबरच आहे.

उत्तर : रेंज_नाही

आमच्या शाळेत रेंज फक्त टाकीजवळ. शीट ॲपमध्ये फाईल आधीच 'ऑफलाइन' करून ठेवली तर वर्गात भरता येते आणि रेंजमध्ये आलं की आपोआप जाते. हे सांगा लोकांना, नाहीतर टाकीपाशी उभं राहून कोण तांदूळ भरणार.

आणखी एक. आधार किती झालं त्याची संख्याच शीटमध्ये घ्या. मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते तिथे कधीच नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय, म्हणजे आपली सगळीच मुलं त्यात आली. लिंक एकदा ग्रुपबाहेर गेली की तिच्यामागे धावता येत नाही.

दमलेला_तंत्रस्नेही

सगळ्यांचे आभार. आत्ताच शीट उघडून बघितली, त्यातला आधार क्रमांकाचा रकाना सगळ्यात आधी काढून टाकला. तांदळापासून सुरुवात करतो. केंद्रप्रमुख साहेबांशी उद्या बोलतो. बाई, एक विचारायचं होतं : आमच्या एका शाळेत दोघं शिक्षक एकच जीमेल वापरतात, आणि फोन बदलला की कोड दुसऱ्याच्या फोनवर जातो. त्यांना वेगळे जीमेल काढायला लावावे का?

पाड्यावरच्या_बाई

हो, लगेच. एकाची बदली झाली की दुसरा अडकतो. जुनाच पत्ता शाळेच्या नावाने ठेवून त्याचा रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरला तर कोड येतो तो फोन नंबर) मुख्याध्यापकांचा करा, मुख्याध्यापक बदलले की नंबरही बदला, आणि दोघांना स्वतःचे नवे काढून द्या.