सावलीतला काळा आधी काढा

बाहेर बसून चित्र रंगवताना तुमच्या सावल्या मळकट होतात का? त्यात काळा रंग मिसळताय का? माझंही पहिलं वर्ष त्यातच गेलं. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याशी घरं काढत बसायचो; कौलं जमायची, भिंतीची सावली मात्र चुलीमागच्या काजळीसारखी! मग काळी ट्यूब घरीच ठेवायला लागलो. पिवळट भिंतीची सावली जांभळट, नारिंगी मातीवरची निळी. विरोधी, म्हणजे रंगचक्रात समोरासमोरचे, रंग शेजारी आले की दोन्ही उजळतात. १८८८ साली दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेलेल्या चित्रकार व्हॅन गॉगची चित्रं याच नजरेनं बघा.

दुसरं, फटकारे पुसू नका. द्राक्षबागेच्या ओळी जिकडे धावतात तिकडेच ब्रश ओढा. आभाळाला वेगळी दिशा द्या. फ्रेंच चित्रकार सेझानने एक्स शहराजवळचा एकच डोंगर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रंगवला. आपल्याला नाशिकजवळचा रामशेजचा डोंगर आहेच की. सकाळी एक, संध्याकाळी एक करून बघा.

आणि एप्रिलात अॅक्रिलिक रंग घेऊन उन्हात बसणार असाल तर पाण्याचा फवारा जवळ ठेवा, पॅलेटवरच सुकतात हो ते.