कापणीच्या सणाचं प्रीतिभोजन: २०० माणसांचा स्वयंपाक, प्रमाण आणि वेळ

सेविका_महिलामंडळ
सर्वांना ख्रिस्तात सलाम. यंदा आमच्या मंडळीचं (चर्चचं) कापणीच्या सणाचं प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, केटररला न देता महिला मंडळ आणि तरुण संघाने मिळून करायचं ठरलंय. ६० कुटुंबं, त्यात १६० मोठी माणसं, ४० मुलं. चिकन रस्सा, भात, पोळी. २५ जण शाकाहारी. उपासना साडेनऊला, मग अर्पणात आलेल्या टोपल्यांचा लिलाव. घरी २५ जणांपर्यंतची सवय आहे. प्रमाण कसं धरू?

परात_झारा
ताई, दोन मुलांचं एक ताट धरा, म्हणजे १८० ताटं. शाकाहारी सोडून १५५. ताटाला हाडासकट १७५ ग्रॅम धरलं की २७ किलो चिकन. त्याला ७ किलो कांदा, २ किलो सुकं खोबरं, पाऊण किलो लसूण, अर्धा किलो आलं, अडीच लिटर तेल, ९०० ग्रॅम कांदा-लसूण मसाला. या मसाल्यात मीठ असतंच, म्हणून सुरुवातीला ३५० ग्रॅमच मीठ घाला आणि बाकीचं शेवटी चव बघून. तांदूळ १६ किलो. पोळ्या मंडळीत लाटत बसू नका, ४५ घरांना ८-८ वाटून द्या, ३६० होतात. शाकाहारींना दीड किलो मटकीची उसळ. तिचं पातेलं, डाव आणि वाढपी वेगळा ठेवा.

घरचं प्रमाण आठाने गुणलंत तर पाणी हमखास जास्त होईल. खोल पातेल्यातून वाफ कमी जाते, शिवाय चिकनला स्वतःचं पाणी सुटतं. हिशोबाच्या पाऊणपटच पाणी घाला, तेही उकळतं. वाढवता कधीही येतं. पातळ झालेला रस्सा आटवायला गेलात तर चिकनचा चुरा होतो.

मोठी_शेगडी
वाटणाबद्दल सांगतो, कारण सगळी चव तिथेच आहे. ७ किलो कांदा एकदम टाकला की तो भाजला जात नाही, स्वतःच्या पाण्यात शिजतो, आणि रस्सा गोडसर लागतो. दोन-दोन किलोचे घाणे करा, कडा तपकिरी होईपर्यंत. खोबरं वेगळं आणि मंद आचेवर, ते करपलं तर अख्खं पातेलं कडू. हे शनिवारी संध्याकाळी उरका. वाटण गरम असताना झाकून ठेवलं तर सकाळी आंबतं. परातीत पसरून गार करा, डब्यांत भरून चार-पाच घरांच्या फ्रिजमध्ये ठेवा.

चिकन दोन पातेल्यांत करा. तळापर्यंत झारा फिरवता आला पाहिजे. व्यावसायिक १९ किलोचे दोन सिलिंडर आणा. घरगुती सिलिंडर मोठ्या शेगडीला लावला की बाहेरून बर्फ धरतो आणि ऐन उकळीच्या वेळी आच मंदावते. अशा वेळी काही जण तो गरम पाण्यात उभा करतात. ते अजिबात करू नका.

सेविका_महिलामंडळ
मनापासून आभार. लिलाव कधी पाऊण तासात आटपतो, कधी दीड तास चालतो. मग भात कधी टाकायचा?

परात_झारा
चिकन आठला येईल असं सांगा आणि लगेच हळद-मीठ लावा. फोडणी सव्वानऊला, चिकन दहाला, अकरापर्यंत शिजतं. मग आच बारीक करा, पण उकळी मोडू देऊ नका. भाताचं आधण पहिल्या टोपलीची बोली लागली की ठेवा. एवढ्या पाण्याला उकळी यायलाच पाऊण तास जातो. १६ किलो एका पातेल्यात नको, वरच्या वजनाने खालचा भात लगदा होतो. तीन भाग करा, कणी राहिली की रोळीत ओतून पाणी निथळू द्या, वर ओलं फडकं टाका. लिलाव लांबला तर तिसरं पातेलं थांबवता येतं.

राहिलेला भात पातेल्यात तसाच कोमट ठेवून संध्याकाळी वाटू नका. त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, उलट्या होतात. दोन तासांच्या आत वाटून टाका.

पंगत_सेवा
वाढपाची माणसं आधीच नेमा. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात विधवांना वाटपात डावललं गेल्याची तक्रार आली, तेव्हा सात जण नेमले गेले. तुम्हालाही सातच पुरतील: दोघे रश्शाला, दोघे भाताला, एक पोळीला, एक उसळीला, एक पाण्याला. रश्शाचा डाव एकाच मापाचा, आणि पातेल्याशी नातेवाईकांच्या ताटात जास्त टाकणार नाही असा मंडळीतला माणूस. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल रागावला तो याचमुळे, की काही जण आधी जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. त्यामुळे पहिल्या पंगतीला कमिटी आणि पाहुणे नकोत. म्हातारी माणसं, मुलं आणि लांबच्या वाड्यांवरून आलेली कुटुंबं बसवा.

आजारपणामुळे घरी असलेल्यांचे डबे पहिली पंगत बसायच्या आधी भरा. नंतर भरले की रस्साच उरतो, चिकन नाही. झाकणाला कागद चिकटवून त्यावर नाव लिहा आणि डबा कोण पोहोचवणार तेही.