डेक्कन ट्रॅपमधली जिऑलॉजीची फील्ड टूर: वहीत लिहायचं काय आणि दगड आणायचा कोणता?

घाटवळण

टी.वाय. जिऑलॉजीची टूर डिसेंबरात आहे. दोन दिवस घाटातले रोड-कट, एक दिवस लोणार, एक दिवस लेणी. फील्डच्या वहीला मार्क आहेत आणि व्हायव्हा आउटक्रॉपवरच (उघड्या खडकासमोरच) होते. सिनिअर म्हणतात, ट्रॅपमध्ये (दख्खनच्या लाव्हाच्या थरांत) सगळीकडे एकच काळा दगड, डिप (थरांचा कल) शून्य, दोन पानांत टूर संपते. मग वही भरायची कशाने?

दुसरं म्हणजे, आमच्याकडे जुनी प्रथा आहे की प्रत्येक बॅचने टूरवरून एक नमुना आणून डिपार्टमेंटच्या म्युझियमला द्यायचा. कपाटात बॅचचं वर्ष घातलेले दगड रांगेने आहेत, पण चिठ्ठीवर नुसतं 'बेसाल्ट', काहींवर तेही नाही. यंदा जरा धड काहीतरी ठेवायचं आहे. सॅम्पल केवढं घ्यावं, लेबल कसं करावं?

क्लायनोमीटर (कल आणि दिशा मोजायचं उपकरण) चार जणांत एक मिळतो. फोनचं अ‍ॅप चालेल का?

रेडबोल

"एकच काळा दगड" असं वाटतं, कारण बस थांबली की सगळे हातोडी घेऊन दरडीला जाऊन भिडतात. पहिली दहा मिनिटं हातोडी सॅकमध्येच राहू द्या. रस्त्याच्या सुरक्षित बाजूला उभं राहून अख्खी दरड बघा आणि स्केच काढा. लाव्हाच्या प्रवाहांच्या सीमा लांबूनच दिसतात, जवळ गेलात की हरवतात.

एक पाहोएहो (गुळगुळीत पृष्ठाचा) प्रवाह खालून वर असा वाचायचा. तळाशी पातळसा, बारीक कणांचा पट्टा. त्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसल्या तर त्या पाइप व्हेसिकल, म्हणजे वायूच्या नळीसारख्या पोकळ्या. त्यावर घट्ट गाभा, त्यात पोकळ्या जवळपास नसतात आणि सांधे (खडकातल्या भेगा) ठळक असतात. सगळ्यात वर पोकळ्यांनी भरलेलं कवच. या कवचात वरच्या पोकळ्या बारीक आणि दाटीवाटीने असतात, खाली येताना मोठ्या आणि विरळ होत जातात. ही तिन्ही अंगं सापडली की एक प्रवाह पुरा झाला. परत पाइप व्हेसिकल दिसल्या की पुढचा सुरू. काही ठिकाणी अशा मीटर-दोन मीटरच्या फुगीर लोबांची (लाव्हाच्या जिभांची) रचलेली चळत दिसते, तो कंपाउंड प्रवाह. याउलट जाड घट्ट गाभा आणि डोक्यावर तुटक्या ढेकळांचा थर असेल तर ढेकळं कोनदार आहेत का, त्यांच्यामध्ये काय भरलंय, हे लिहा. वहीची पानं इथेच भरतात.

पाइप व्हेसिकलची वरची टोकं एका बाजूला वाकलेली असतील तर लाव्हा त्या दिशेला वाहत होता, असा अंदाज करता येतो. पण एका नळीवरून नको. लोब वाट मिळेल तिकडे वळतो. निदान दहा नळ्यांच्या दिशा घ्या आणि वहीत 'स्थानिक दिशा' असंच लिहा.

लाल पट्टा दिसला की सगळे 'रेड बोल, म्हणजे जुनी माती' लिहून मोकळे होतात. थांबा. जाडी मोजा. वरची सीमा धारदार आहे का? खालची हळूहळू दगडात विरघळते का? वर धारदार, खाली विरघळती असेल तर खालच्या प्रवाहाची झीज होऊन तो बनला, या म्हणण्याला आधार मिळतो. दोन्हीकडे धारदार असेल तर राखेचा थर असण्याची शक्यताही धरावी लागते. आधी जे दिसलं ते लिहायचं, अर्थ त्याच्याखाली वेगळ्या ओळीत. परीक्षक नेमकं हेच बघतात.

नेहमीची दुसरी चूक म्हणजे गोल धोंडे दिसले की 'पिलो लाव्हा' (पाण्यात थिजलेला उशीसारखा लाव्हा). घाटात दिसणारे बहुतेक गोल धोंडे सांध्यांवरून झीज होऊन बनलेले असतात. त्यांचे पापुद्रे नखाने सुटतात आणि आत घट्ट गाभा असतो. पिलोला काचेसारखी काळी साल असते आणि सांधे केंद्रातून बाहेर पसरलेले असतात. साल दाखवता येत नसेल तर पिलो म्हणू नका.

आणि हातातल्या दगडावरून फॉर्मेशनचं (प्रवाहांच्या गटाचं) नाव ठोकून देऊ नका. आंबेनळी की पोलादपूर हे मुख्यतः रासायनिक विश्लेषणावर ठरतं. मोठ्या प्लॅजिओक्लेजचे स्फटिक असलेला जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट (जीपीबी) हा डोळ्यांना ओळखू येणारा अपवाद. तो दिसला तर स्फटिकांची लांबी मोजून लिहा.

सतरा_मीटर

रेडबोल यांच्याशी सहमत, पण डिपबद्दल थोडं.

डिप शून्य नाही, फार कमी आहे. सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी एक अंशाच्याही आत. एक अंश म्हणजे किलोमीटरमागे साधारण १७.५ मीटरचा उतार. क्लायनोमीटरने तो पकडता येत नाही. लोबच्या वरच्या पृष्ठावर वही टेकवून रीडिंग घेतलं तर १० किंवा २० अंश येतात, पण तो त्या लोबचा फुगवटा असतो, प्रवाहाचा कल नव्हे. व्हायव्हात मुलं हमखास इथे अडकतात. खरा कल काढायचा तर तोच लाल पट्टा किंवा तोच जीपीबी दोन-तीन किलोमीटर अंतरावरच्या तीन ठिकाणी गाठून त्यांच्या उंचीतला फरक घ्यावा लागतो. कोकणाकडच्या पनवेल फ्लेक्शरच्या (थर वाकलेल्या) पट्ट्यात मात्र प्रवाह पश्चिमेला कललेले आहेत, तिथे क्लायनोमीटर कामाला येतो.

बाकी ठिकाणी क्लायनोमीटर सांध्यांना आणि डाइकना (थरांना छेदून घुसलेल्या लाव्हाच्या भिंतींना) लावा. डाइकची रुंदी, स्ट्राइक (तिची आडवी दिशा), दोन्ही कडांना बारीक कणांची किनार आहे का, आडवे खांबी सांधे आहेत का, एवढं लिहिलं की अर्धं पान होतं. सांध्यांचं 'रोज डायग्राम' (दिशांचा गुलाबाच्या आकाराचा आलेख) काढायचं असेल तर एका ठिकाणची ५० तरी रीडिंग हवीत. दहा रीडिंगच्या डायग्रामवरून काही ठरत नाही.

उंचीसाठी फोनच्या जीपीएसवर विसंबू नका, दरडीला चिकटून उभं राहिलं की अर्धं आकाश झाकलं जातं. बॅरोमीटर असलेलं घड्याळ बरं, पण त्यालाही दर दोन तासांनी टोपोशीटवरच्या ज्ञात उंचीवर नेऊन जुळवावं लागतं. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास हवेचा दाब जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक ३ हेक्टापास्कलपर्यंत जातो आणि १ हेक्टापास्कल म्हणजे साधारण साडेआठ-नऊ मीटर. म्हणजे जागेवरून न हलता तुम्ही संध्याकाळपर्यंत २५ मीटर 'चढलेले' असता! १:५०,००० च्या शीटवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे एवढ्या चुकीत आख्खी रेषा ओलांडली जाते.

दरडीची उंची मोजायला सोपी पद्धत: क्लायनोमीटर शून्यावर धरून समोर चढावर नजरेच्या पातळीला कोणता दगड येतो ते बघायचं, चालत तिथे जाऊन उभं राहायचं, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी तुमच्या डोळ्याच्या उंचीइतके चढलात. ती उंची घरूनच बूट घालून मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घाटवळण

दोघांचेही आभार, पाइप व्हेसिकल पुस्तकात वाचून सोडून दिल्या होत्या. फोनचं मात्र राहिलं.

सतरा_मीटर

चालेल, पण तपासून. कव्हरमध्ये किंवा फ्लॅपला चुंबक असेल तर आधी काढून टाका. खिशात हातोडी आणि हातात कंपास, हेही नको. शिवाय बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट असतं, विशेषतः उघड्या माथ्यावर सुई भरकटते. हे तर खऱ्या ब्रंटन कंपासलाही लागू आहे.

तपासणी अशी: अ वरून ब चं बेअरिंग घ्या, मग ब वर जाऊन अ चं घ्या. अ वरून ४० अंश आले तर ब वरून २२० यायला हवेत. तीन-चार अंशांहून जास्त फरक आला तर जागा बदला किंवा दगडापासून मीटरभर लांब उभं राहून घ्या. डेक्लिनेशनची (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतल्या फरकाची) दुरुस्ती करायची की नाही यावर वेळ घालवू नका, महाराष्ट्रात ते सध्या एक अंशाच्या आत आहे.

कपाट_नंबर_३

म्युझियमच्या नमुन्याबद्दल.

साधं गणित करा. १० × ८ × ५ सेंमीचा बेसाल्टचा तुकडा, घनता २.९ धरली तर सुमारे १,१६० ग्रॅम. असे दहा घेतले की सॅकमध्ये साडेअकरा किलो. वर्गासाठीचे तुकडे ८ × ६ × ३ चे पुरतात, प्रत्येकी ४०० ग्रॅमच्या आसपास. म्युझियमचा एकच मोठा घ्या. झिजलेली एक बाजू राहू द्या आणि दुसरी ताजी फोडलेली ठेवा, दोन्हींची तुलना करता आली पाहिजे.

पण नुसता बेसाल्ट नका नेऊ, तो कपाटात आधीच पुरेसा आहे. सुचवायचं तर पाइप व्हेसिकल असलेला तळाचा तुकडा, बाण काढून 'वर' कुठे ते दाखवलेला. बाण दगड फोडण्याआधी काढायचा. फोडल्यावर वर-खाली कोणाला आठवत नाही.

झिओलाइटचा (पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांचा) मोह सगळ्यांनाच होतो. घेतलात तर ओळख नीट करा. पांढरं दिसलं की १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब: फसफसलं तर कॅल्साइट. काच ओरखडली तर क्वार्ट्झ. मोत्यासारखी चमक आणि पेंढीसारखी जुडी असेल तर स्टिल्बाइट असण्याची शक्यता मोठी. चौकोनी छेदाचे, आडवे सहज फुटणारे स्फटिक म्हणजे अ‍ॅपोफिलाइट. तो झिओलाइट नाही, फक्त त्यांच्या शेजारी सापडतो, व्हायव्हातला आवडता सापळा. पोकळीच्या आतला हिरवा लेप बहुधा सेलाडोनाइट. भिंग १०एक्सचं असेल तर ते डोळ्याला लावून दगड जवळ आणा, अडीच सेंमीवर फोकस होतो. दगडावर भिंग ठेवून लांबून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

आम्ल लॅबमधूनच तयार करून घ्या. एक भाग तीव्र आम्ल, तीन भाग पाणी आणि ओतायचं नेहमी पाण्यात आम्ल. ३० मिलीची प्लॅस्टिकची ड्रॉपर बाटली पुरते. ती झिप पिशवीत, उभी. झिओलाइट 'साफ' करायला आम्ल वापरू नका, स्कोलेसाइटसारखी काही आम्लात जेलीसारखी होतात. सुयांसारखे स्फटिक कापसात गुंडाळू नका, तंतू अडकतात आणि काढताना सुया मोडतात. टिश्यू, मग वर्तमानपत्र. लॉमोंटाइट तर आणूच नका. ते कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि काही दिवसांत पिठासारखं होतं. कपाटातल्या रिकाम्या, पांढरी भुकटी सांडलेल्या खोक्यांतलं एखादं त्याचंच असेल.

नंबर चिठ्ठीवर नव्हे, दगडावर. सपाट जागा ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, करेक्शन फ्लुइडचा छोटा ठिपका, त्यावर बारीक काळ्या पेनाने नंबर, त्यावर पारदर्शक नेलपॉलिश. धुळीवर मार्करने लिहिलेलं बसच्या पहिल्या तासातच पुसलं जातं. तोच नंबर वहीत आणि म्युझियमच्या रजिस्टरात. लेबलवर खनिज किंवा खडक, ठिकाण, टोपोशीट क्रमांक, अक्षांश-रेखांश, उंची, प्रवाहाचा कोणता भाग आणि तारीख. 'लोणावळ्याजवळ' हे ठिकाण नव्हे. 'अमुक किलोमीटरचा दगड, घाट चढताना डाव्या हाताची दरड, रस्त्यापासून २ मीटर वर' हे ठिकाण.

मोहोळवाला

सगळे दगडात अडकलेत, म्हणून दोन-तीन गोष्टी.

लेण्यांच्या दिवशी हातोड्या बसमध्ये. संरक्षित स्मारक आहे, १९५८ च्या कायद्याखाली नुकसान करणं गुन्हा आहे, आणि लेणं असलेल्या कड्यावर 'जरा बाजूला' हा प्रकार नाही. कोरीव भिंतींतच प्रवाहाच्या सीमा आणि पोकळ्यांचे पट्टे झकास दिसतात, फोटो आणि स्केच काढा.

लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथून दगड उचलायचा नाही. परवानगीचं पत्र डिपार्टमेंटने टूरच्या बरंच आधी पाठवायला हवं, आदल्या आठवड्यात नाही. तिथे क्लायनोमीटर मात्र नक्की न्या: साधारण १.८ किमी व्यासाच्या विवराच्या कडेला बेसाल्टचे प्रवाह उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. कड्यावर तीन-चार ठिकाणी डिपची दिशा घेऊन नकाशावर बाण काढले तर सगळे केंद्रापासून बाहेर जाताना दिसतील. चमकणाऱ्या प्रत्येक दगडाला आघाताची (उल्का आदळून वितळलेली) काच म्हणू नका, त्याचा ठोस पुरावा सहसा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो.

घाटात आधी वर बघा. कड्याखाली आग्या मोहोळ असेल तर ठोकाठोक, धूर, अत्तर सगळं बंद. गॉगल लावूनच दगड फोडा. हातोडीवर हातोडी कधीच मारायची नाही, पोलादाची कपची डोळ्यात जाते.

रेडबोल

आणि ज्युनिअरांनी सिनिअरच्या सॅकमध्ये गुपचूप दगड भरायची ती सनातन प्रथा पाळणार असालच. रस्त्याकडेची खडी घाला. नंबर घातलेलं सॅम्पल इकडून तिकडे गेलं की दोघांच्याही वह्या खोट्या ठरतात.

घाटवळण

खडीचं ठरलं. परवानगीचं पत्र गेलंय का, ते उद्याच सरांना विचारते.