ग्रुप : वाड्यावरची मंडळी

नानाकाका गाव: आज परत सेवा केंद्रावरून हात हलवत आलो. वाडीत सगळ्यांच्या खात्यात पैसे पडले, आपलेच नाहीत. कुणामुळे अडलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

दादा पुणे: नमस्कार काका. कोणते पैसे, पीएम किसानचे का?

नानाकाका गाव: अतिवृष्टीचे!! ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागलीय. व्हीके नंबर म्हणजे विशिष्ट क्रमांक आहे, गट नंबर आहे, पुढे सामाईक खाते. बाकी खातेदारांचं संमतीपत्र आणा म्हणतात. नमुना परत टाकतोय. सह्या करून पाठवा.

बापूकाका: 🌹 सुप्रभात 🌹

धाकटी: बापूकाका, साडेअकरा वाजलेत 😂

बापूकाका: पेन्शनरची सकाळ केव्हाही होते.

आत्या: सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. सोयाबीन गेलं हे मला मात्र शेजारणीकडून कळलं.

नानाकाका गाव: आक्का, शेंगेला झाडावरच कोंब फुटले होते. फोटो टाकला होता. तू अंगठा दाखवलास 👍

आत्या: मला वाटलं पीक चांगलं आलंय.

वहिनी: काका, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अतिवृष्टीला संमतीपत्र लागतं. पीएम किसानला नाही लागत. ते आप्पांच्या नावावर होतं, ते गेल्यावर तुम्ही वारस म्हणून नवी नोंदणी केलीत, ती तालुक्याला मंजुरीत आहे. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, पण वारसाहक्काची चालते. फेरफार जोडलाय ना?

नानाकाका गाव: जोडलाय. पण आधी संमतीपत्र.

दादा पुणे: वर्षाला ६००० केंद्राचे, ६००० राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे. एवढ्यासाठी किती धावपळ.

नानाकाका गाव: तुला ते एवढंसं वाटणारच. माझी खताची उधारी त्यावर फिटते.

बापूकाका: महिना १०,००० च्या वर पेन्शन म्हणून मला एक रुपया मिळत नाही. मी कधी तक्रार केली?

धाकटी: आत्ताच केलीत 🙈

बापूकाका: माहिती दिली.

आत्या: आप्पा गेल्यावरही त्यांच्या खात्यात हप्ता आला होता. तो कुणी काढला?

दादा पुणे: आत्या, हे ग्रुपवर नको.

आत्या: का नको? इन्कम टॅक्स भरून तू हप्ते घेतलेस, वसुलीची नोटीस आली, ते सगळं ग्रुपवरच झालं की.

दादा पुणे: मी पैसे परत केलेत. पावती आहे.

नानाकाका गाव: आप्पांचा हप्ता खात्यातच पडून आहे, हात लावलेला नाही. पासबुकचा फोटो टाकतो. आता संमतीपत्र.

वहिनी: तो परत करावा लागेल काका. तुमची नोंदणी त्यामुळे अडायला नको.

बापूकाका: खुलासा झाला, बरं झालं. पण वाटणी झाली असती तर ही वेळच आली नसती, हे मी आप्पांसमोर सांगितलं होतं.

आत्या: वाटणीचं नाव काढलं की मला हक्कसोडपत्राचा कागद दाखवतात.

नानाकाका गाव: आक्का, हक्कसोड कुणी मागितलं नाही. जिरायतीला हेक्टरी ८,५०० धरलेत. पेरणी मी केली, बियाणं माझं, फवारणी माझी. सगळ्यांची नावं कागदावर आहेत म्हणून पैसे अडलेत. शेतात चिखलात कोण उभं होतं?

(बापूकाकांनी मेसेज डिलीट केला)

धाकटी: काय होतं ते? 👀

वहिनी: धाकटे, पुरे.

आत्या: तू राबतोस हे मी कधी नाकारलंय नाना? मला विचारत जा एवढंच म्हणणं आहे. सही करते. पैसे आले की आकडा इथे टाक.

नानाकाका गाव: टाकतो आक्का. बापू?

बापूकाका: माझी सही कधीच तयार आहे. पोचवणार कोण?

नानाकाका गाव: दादा, तुझीच राहिली.

दादा पुणे: रविवारी गाडी घेऊन येतो. वाटेत बापूकाकांची आणि आत्याची घेतो.

वहिनी: सगळ्यांच्या आधारची झेरॉक्स, दोन्ही बाजू.

नानाकाका गाव: रविवारी केंद्र बंद असतं. मुक्कामाला ये, सोमवारी सकाळी दोघं जाऊ.