फेब्रुवारीतला कार्यक्रम: पोस्टरवर नाव काय?

नमस्कार मंडळी,

इथे आयर्लंडमध्ये सेंट ब्रिजिडच्या सोमवारच्या सुट्टीला मुलांसाठी कार्यक्रम ठरतोय. पोस्टरवर ‘आयरिश वसंतपंचमी’ लिहिलं तर आपल्या लोकांना चटकन कळेल. हरकत नसेल तर रात्री छापायला देतो.

---

अरे, थांब जरा, माझी हरकत आहे.

तारखा जवळ येतात हे खरं. पण या सणाला स्वतःचं नाव आहे: इंबोल्क, १ फेब्रुवारी. मेंढ्या व्यायला येतात, सडात दूध उतरतं, तो हा काळ. हिवाळ्याची साठवण संपत आलेल्या घरात ते पहिलं दूध म्हणजेच वसंत; बाहेर फुलं असोत-नसोत.

हा सण ब्रिजिडचा. ती जुन्या आयरिश लोकांची कवींची देवता, म्हणून सरस्वती आठवते, मलाही आठवली होती. पण तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी सांगतात, एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. पुढे ख्रिस्ती काळात त्याच नावाची संत झाली, किल्डेअर गावच्या मठाची. तिथली अखंड ज्योत मध्ययुगात जोगिणी राखत. विझलेली ती ज्योत १९९३ साली पुन्हा पेटवली. २०२३ पासून सरकारी सुट्टी आहे, आणि एका बाईच्या नावाची ही इथली पहिलीच. एवढं सगळं ‘वसंतपंचमी’ या शब्दात झाकून जातं रे.

शेजारच्या आजींनी मला ३१ जानेवारीच्या संध्याकाळी ब्रिजिडचा क्रॉस विणायला शिकवला. त्याला लागतं आपल्या लव्हाळ्यासारखं पाणथळातलं गवत. कापायचं नाही, हाताने उपटायचं. एक काडी उभी धरायची, दुसरी दुमडून तिच्यावर आडवी घालायची, पाव वळसा फिरवायचं, पुन्हा दुमडलेली काडी. मधला चौकोन हळूहळू भरत जातो. अंगठा सैल पडला की सगळं उसवतं. शेवटी चारही टोकं दोऱ्याने बांधायची. आगीपासून राखण म्हणून तो दारावर लावतात. त्याच रात्री त्यांनी कापडाचा तुकडा कुंपणावर टाकला. त्या रात्री ब्रिजिड येते, कापडाला तिचा हात लागतो, मग ते डोकेदुखीवर वर्षभर ठेवतात. सकाळी दवाने ओलं झालेलं ते कापड त्यांनी घडी करून कपाटात ठेवलं, आपण अंगारा ठेवतो तसं.

मुलांना हे हाताने करू दे.

---

ताई, पटलं. पोस्टरवर ‘इंबोल्क: ब्रिजिडचा सण’ करतो. पण तेवढं गवत कुठून आणायचं?

---

रविवारी सकाळी आजींच्या भावाच्या शेतावर जाऊ, मी विचारलंय. गमबूट घाला, आणि चौघंजण तरी या.