कराची बंदर ‘उडवणाऱ्या’ वाहिन्यांना जाब कोण विचारणार?

चहाबाज
८ मे २०२५ ची रात्र आठवा. भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केलं, असं कित्येक वाहिन्या ओरडून सांगत होत्या. सकाळी बंदर जागच्या जागी! व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना आपण हसतो, पण काका त्याचा पगार घेत नाहीत. शहानिशा करणं हेच ज्याचं काम, त्याचा दोष मोठा.

खानदेशी
साफ अमान्य. १ जुलै २०१८, आमच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. कुठल्या संपादकाने सांगितलं होतं? त्या सुमारास देशभर फिरलेली एक क्लिप तर कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीची होती. मोटरसायकलवाले मूल उचलतात आणि परत आणून सोडतात. शेवट कापला की झाली टोळी तयार. पुढे कोणी ढकललं? तुम्ही-आम्हीच ना?

चहाबाज
राईनपाड्याचं मान्य. पण २०१६ मधली दोन हजारच्या नोटेतली ‘नॅनो चिप’? तोही आधी फॉरवर्डच होता. रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत माहितीत चिपचा उल्लेखही नव्हता. तरी जमिनीत १२० मीटर खोल पुरलेली नोटही सापडेल, हे वाहिन्यांनी स्टुडिओतून समजावलं! मग काकांना कोणत्या तोंडाने अडवायचं?

डेस्कवरचा
बोलणं सोपं आहे हो. रात्रपाळीला माणसं मोजकी, समोर भिंतभर वाहिन्या. दुसऱ्याने चालवलं की वरून फोन, “आपल्याकडे का नाही?” मग ‘सूत्रांची माहिती’ म्हणायचं, मथळ्याला प्रश्नचिन्ह लावायचं. तालुक्याच्या बातमीदाराला बातमीमागे चार पैसे, वर जाहिरातीही त्यानेच आणायच्या. खरंखोटं बघायला जायचं तर पेट्रोल त्याच्याच खिशातून.

गोदाकाठ
मग सरकारनेच खरंखोटं ठरवावं.

चहाबाज
नको रे बाबा! केंद्राने स्वतःच्या कारभाराबद्दलच्या मजकुरासाठी तसा कक्ष काढायचा नियम केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, ते बरंच झालं. माझी मागणी साधी आहे. खोटी बातमी जितका वेळ चालवली, तितकाच वेळ त्याच अँकरने चूक सांगावी.

खानदेशी
सांगू दे. चूक कबूल केल्याची ती क्लिप घरच्या ग्रुपवर टाकणार आहात का?

डेस्कवरचा
आणि आमच्या मालकांना कोण सांगणार, तुम्ही?